आवाजाला अंकांत बांधणारे ॲलेक रीव्हज

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या वर्गाने एक तापमापक तयार केला. त्यात पारा नव्हता आणि काचेची नळीही नव्हती. तीन पायांचा एक लहानसा संवेदक, मायक्रोकंट्रोलरची एक पट्टी आणि आकडे दाखविणारा छोटा पडदा, एवढाच त्याचा संसार होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मोठ्या हौसेने आम्ही तो पाऱ्याच्या तापमापकाशेजारी ठेवला. पारा ३० अंश दाखवीत होता. आमचे यंत्र मात्र ३२ च्या आसपास रेंगाळत होते, आणि मधले आकडे वगळून अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या उड्या मारीत होते. आम्ही हिरमुसलो. संवेदकच बिघडलेला असावा, असा आमचा तर्क होता.

विज्ञानाच्या सरांनी यंत्र पाहिले, पण ते लगेच दुरुस्त करून दिले नाही. संवेदकाला दोष देण्यापूर्वी त्याच्या बोलण्याचे आकडे कोण करतो व कसे करतो ते शोधून काढा, असे त्यांनी आम्हांस सांगितले. त्या शोधात एका थोर पण आपल्याकडे फारसे नाव न निघणाऱ्या शास्त्रज्ञाची ओळख आम्हांस झाली. त्यांचे नाव ॲलेक हार्ली रीव्हज. दूरध्वनीच्या शास्त्रात हे नाव आदराने घेतले जाते. आज आपण भ्रमणध्वनीवर बोलतो, गाणी ऐकतो, चित्रे पाठवितो, त्या सर्वांच्या मुळाशी त्यांची एक कल्पना आहे. त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

चरित्राकडे वळण्यापूर्वी ती कल्पना कोणती हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आमच्या बिदर-कलबुर्गीच्या मुलखात जुन्या बारवा पुष्कळ आहेत. बारवेतील पाणी पावसाळ्यात वर चढते आणि उन्हाळ्यात खाली जाते. त्याचे हे चढणे-उतरणे अखंड चालते. ते पायरीपायरीने होत नाही. परंतु पाणी किती आहे असे घरी कोणी विचारले, तर आपण किती पायऱ्या उघड्या पडल्या एवढेच सांगतो. पाणी दोन पायऱ्यांच्या मधोमध असले, तरी आपण एकच आकडा देतो. त्यात थोडा सूक्ष्मपणा हरवतो हे खरे. पण जो आकडा हाती येतो तो पक्का असतो. दहा माणसांच्या तोंडून गेला तरी बाराचा बाराच राहतो. अखंड बदलणाऱ्या राशीचा असा पक्का आकडा करणे, हेच ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर या लांबलचक नावाच्या भागाचे काम होय. त्यात दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात. पायरी किती उंचीची असावी, ही पहिली. आणि पाणी किती वेळा जाऊन पाहावे, ही दुसरी. आवाजाच्या बाबतीत या दोन गोष्टी प्रथम ठरविल्या त्या रीव्हज यांनी.

ॲलेक रीव्हज यांचा जन्म १० मार्च १९०२ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यातील रेडहिल या गावी झाला. त्यांचे वडील एडवर्ड एअर्स्ट रीव्हज हे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नकाशांच्या संग्रहाचे प्रमुख होते. दूरदेशी निघालेल्या संशोधक-प्रवाशांना भूमापनाची विद्या तेच शिकवीत. डोंगर, नदी, वाळवंट काहीही असो, त्याचे कोन आणि अंतरे मोजून कागदावर आकडे उतरविणे, हा त्या घरचा व्यवसाय होता.

या ठिकाणी आमच्या मातीची एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात दक्षिणेच्या टोकाकडून हिमालयाकडे जी मोठी मापनकमान गेली, तिची एक आधाररेषा बिदरजवळच होती. अँड्र्यू वॉ यांच्या देखरेखीखाली १८४१ साली ती मोजण्यात आली. त्यासाठी लोखंड आणि पितळ यांच्या जोडपट्ट्या वापरल्या. उन्हाने एक धातू कमी वाढतो व दुसरा जास्त. त्या दोहोंच्या फरकाचा उपयोग करून पट्टीचे माप उन्हातही कायम राहील अशी युक्ती त्यांत केलेली होती. मापण्याची पट्टीच जर उन्हाने लांबत असेल, तर जमिनीचे माप खरे कसे येणार? हा प्रश्न त्या भूमापकांनी या काळ्या-तांबड्या रानात उभे राहून सोडविला. हाच प्रश्न पुढे आमच्या इवल्याशा यंत्रातही आमची वाट पाहत बसला होता. पण ते आम्हांस मागाहून कळले.

रीव्हज यांचे शालेय शिक्षण रायगेट ग्रामर स्कूलमध्ये झाले. १९१८ साली शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी लंडनच्या सिटी अँड गिल्ड्‌स अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश केला, आणि १९२१ पासून इम्पीरियल कॉलेजात पुढील अभ्यास केला. १९२३ साली ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत दाखल झाले. १९२५ साली या कंपनीची मालकी बदलून ती अमेरिकेच्या आय.टी.टी. या मोठ्या उद्योगसमूहात गेली. लंडनहून न्यूयॉर्कला अटलांटिक महासागराच्या पलीकडे बिनतारी दूरध्वनीने बोलता यावे, यासाठी त्या काळी मोठे प्रयत्न चालले होते. त्या कामात तरुण रीव्हज यांचाही हात होता. ७ जानेवारी १९२७ रोजी ही सेवा सुरू झाली. पहिल्या तीन मिनिटांच्या बोलण्यास १५ पौंड मोजावे लागत. एवढे पैसे मोजूनही ऐकणाऱ्याच्या कानी शब्दांबरोबर खरखर, शिट्ट्या आणि कडकडाट यांचा मोठा भरणा येई.

१९२७ सालीच रीव्हज यांची नेमणूक आय.टी.टी.च्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत झाली. पुढील तेरा वर्षे त्यांनी तेथे काढली. या वर्षांत त्यांच्या मनात जो प्रश्न घर करून राहिला, तो या खरखरीचाच होता.

तो प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. आवाजाची विद्युत्-लहर तारेतून दूर जाऊ लागली की ती क्षीण होते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी तिला मोठी करणारी यंत्रे बसवितात. परंतु वाटेत लहरीला जो गोंगाट चिकटतो, तोही ही यंत्रे इमानेइतबारे मोठा करतात. शब्द कोणता आणि खरखर कोणती, हे त्यांना कळत नाही. कारण दोन्ही लहरीच असतात. पहिल्या ठाण्याचा गोंगाट दुसऱ्यावर जातो, दुसऱ्याचा त्यात मिळतो, आणि शेवटी मूळ आवाज त्या गर्दीत बुडून जातो. एका गावाचा निरोप दुसऱ्या गावास, दुसऱ्याचा तिसऱ्यास, असा सांगोवांगी जावा आणि प्रत्येकाने त्यात आपली थोडी भर घालावी, तशीच ही गत होती. आवाज मोठा करून हा दोष जाणारा नव्हता. बहुतेक सर्व तज्ज्ञ यंत्रे अधिक चांगली करण्याच्या मागे लागले होते. रीव्हज यांनी मात्र निरोपाचे रूपच बदलण्याचा विचार केला.

१९३७ साली त्यांना उत्तर सापडले. लहर पाठवूच नये. लहरीची उंची ठरावीक वेळाने मोजावी आणि फक्त तो आकडा पाठवावा. आकडाही साध्या दहा अंकांत लिहू नये, तर केवळ एक आणि शून्य यांत लिहावा. एक म्हणजे विजेचा ठोका आहे, शून्य म्हणजे ठोका नाही. उदाहरणार्थ, १९ हा आकडा सोळा, दोन आणि एक यांच्या बेरजेने होतो. म्हणून त्याची पाच घरे १००११ अशी भरतात. आता वाटेतल्या ठाण्याला आवाज ओळखावा लागत नाही. ठोका आहे की नाही, एवढेच त्याने पाहावयाचे. ठोका गोंगाटाने वेडावाकडा झालेला असला तरी तो आहे हे कळते. मग ठाणे जुना ठोका टाकून देते आणि त्याच्या जागी नवा कोरा ठोका पुढे पाठविते. अशा रीतीने शंभर ठाणी ओलांडली तरी निरोप पहिल्याइतकाच स्वच्छ राहतो. या पद्धतीस पुढे पल्स कोड मॉड्युलेशन असे नाव मिळाले. ऑक्टोबर १९३८ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये पेटंटासाठी अर्ज केला. १९३९ साली इंग्लंडात अर्ज केला, आणि १९४२ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले.

नुसती कल्पना मांडून रीव्हज थांबले नाहीत. लहरीचा आकडा करणारे यंत्र कसे असावे, याचा आराखडाही त्यांनी पेटंटात दिला. तो इतका सुबोध आहे की आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनाही तो समजतो. सेकंदास ६ लाख ठोके देणारे एक घड्याळ त्यांनी मध्यभागी ठेवले. त्याच्या दर शंभराव्या ठोक्याला, म्हणजे सेकंदातून ६,००० वेळा, आवाजाची उंची मोजावयाची. मोजण्याची वेळ आली की एक विद्युत्-दाब शून्यापासून सारख्या गतीने चढू लागतो आणि त्याच क्षणी एक गणक घड्याळाचे ठोके मोजू लागतो. चढता दाब आवाजाच्या उंचीला येऊन भिडला की मोजणी थांबते. आवाज उंच असेल तर ठोके जास्त, ठेंगणा असेल तर कमी. पूर्ण उंचीला ३१ ठोके भरत. शून्य धरून या झाल्या ३२ पायऱ्या, आणि पाच घरांत त्या नेमक्या मावतात. बारवेच्या काठावरून एखाद्या मुलाने पायऱ्या मोजीत पाण्यापर्यंत जावे आणि पाय ओला होताच थांबावे, तसाच हा प्रकार आहे.

पाणी किती वेळा पाहावे या दुसऱ्या प्रश्नालाही नियम आहे. जी लहर मोजावयाची तिच्या सर्वांत जलद कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळा तिची उंची घेतली, तर लहरीतील काहीही निसटत नाही. हॅरी नायक्विस्ट यांचे १९२८ मधील संशोधन आणि क्लॉड शॅनन यांचा १९४९ मधील निबंध यांमुळे हा नियम शास्त्रात दृढ झाला. सेकंदास ६,००० मापे घेतली तर ३,००० पर्यंतची कंपने हाती लागतात, आणि मनुष्याचे बोलणे कळण्यास तेवढी जवळजवळ पुरेशी असतात.

एवढी उत्तम युक्ती सापडल्यावर जगाने ती तत्काळ उचलली असेल, असे वाचकांस वाटेल. तसे घडले नाही. त्या काळी अशी यंत्रे काचेच्या व्हॉल्व्हची करीत. एका आवाजाचा आकडा करावयास आणि त्याचा पुन्हा आवाज करावयास व्हॉल्व्हचा मोठा ताफा लागे. ते महाग होते, तापत आणि वरचेवर जळून जात. रीव्हज यांनाही ही अडचण चांगली ठाऊक होती. आपली कल्पना बरोबर आहे, परंतु ती वापरण्याजोगी साधने अजून जन्मास यावयाची आहेत, हे ते जाणून होते. बी उत्तम असून पाऊस लांबला म्हणजे शेतकऱ्याने जसे थांबावे, तसे थांबणे त्यांच्या वाट्यास आले.

तेवढ्यात युद्ध पेटले. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले, आणि रीव्हज यांनी पॅरिस सोडून इंग्लंड गाठले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग यापुढे आला. रीव्हज शांततावादी वृत्तीचे होते. मनुष्याचा संहार करणाऱ्या कामात पडणे त्यांना रुचणारे नव्हते. परंतु त्याच वेळी इंग्लंडची शहरे बॉम्बवर्षावाखाली जळत होती. अंधारात उडणारी विमाने आपले लक्ष्य न दिसल्याने कोठेही बॉम्ब टाकीत, आणि त्यात निरपराध नागरिक मरत. लक्ष्य अचूक सापडले तर निष्कारण होणारा संहार तरी कमी होईल, या विचाराने त्यांनी एफ. ई. जोन्स यांच्यासह ओबो नावाची मार्गदर्शक यंत्रणा तयार केली.

ओबोचे तत्त्वही मापनाचेच होते. जमिनीवरील दोन ठाणी विमानाकडे बिनतारी ठोके पाठवीत आणि परत येणाऱ्या ठोक्यांना लागलेल्या वेळावरून अंतर काढीत. एका ठाण्यापासून सारखे अंतर राखीत विमान कमानीवरून उडे; दुसरे ठाणे नेमका क्षण कळवी. बिनतारी लहर सेकंदात ३ लाख किलोमीटर जाते. तिचे जाणे-येणे धरले, तर एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे १५० मीटरांची चूक होय. इतके सूक्ष्म मापन त्या काळी साधले, हे आश्चर्यच आहे. २० डिसेंबर १९४२ च्या रात्री ओबोचा प्रथम उपयोग झाला.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कारण थोरांचे चरित्र लिहिताना अवघड पाने गाळणे योग्य नव्हे. १९४३ साली जर्मनीच्या रूर खोऱ्यातील औद्योगिक शहरांवर प्रचंड हवाई हल्ले झाले. ओबोच्या साहाय्याने आधी काही विमाने अचूक जागी खुणेचे दिवे टाकीत आणि मागून येणारी शेकडो विमाने त्या खुणांभोवती बॉम्ब ओतीत. कारखान्यांबरोबर वस्त्याही जळाल्या. संहार कमी व्हावा म्हणून घडविलेली अचूकता मोठ्या संहाराच्याही कामी आली. साधन अचूक करणे शास्त्रज्ञाच्या हाती असते. पण ते कोठे रोखावे हे बहुधा दुसरेच ठरवितात. हा भाग वाचताना आमच्या वर्गात बराच वाद झाला. रीव्हज यांनी हे काम नाकारावयास हवे होते, असे काहींचे मत पडले. तर नाकारल्याने हल्ले थांबले नसते, ते केवळ अधिक आंधळे झाले असते, असे इतरांनी म्हटले. तो वाद मिटला नाही, आणि आम्हीही तो येथे मिटवीत नाही. १९४५ साली ब्रिटिश सरकारने रीव्हज यांस ओ.बी.ई. हा सन्मान दिला.

युद्धानंतर रीव्हज स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करू लागले. ही प्रयोगशाळा प्रथम एनफील्ड येथे व पुढे हार्लो येथे होती. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. व्हॉल्व्हच्या जागी हा दाण्याएवढा भाग आला, आणि रीव्हज ज्या पावसाची वाट पाहत होते तो अखेर पडला. १९६२ साली अमेरिकेत त्यांच्या पद्धतीवर चालणारी दूरध्वनी-यंत्रणा प्रत्यक्ष वापरात आली. दोन तारजोड्यांवरून २४ संभाषणे एकाच वेळी जाऊ लागली. सेकंदास ८,००० मापे घ्यावी हे प्रमाण रूढ झाले, आणि पुढे ३२ पायऱ्यांच्या जागी २५६ पायऱ्या आल्या. परंतु अमेरिकेच्या पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १९५९ सालीच संपलेली होती. पीक आले तेव्हा शेतावरची मालकी उरली नव्हती. ज्या कल्पनेवर जगाची दूरध्वनी-व्यवस्था उभी राहिली, तिच्यापासून तिच्या जनकास द्रव्यलाभ असा झालाच नाही.

याबद्दल कष्टी होऊन रीव्हज स्वस्थ बसले नाहीत. त्यांचे लक्ष आणखी पुढे, प्रकाशाकडे लागलेले होते. आकड्यांचे ठोके विजेऐवजी प्रकाशाने पाठविता आले, तर एका मार्गावरून अगणित संभाषणे जाऊ शकतील, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या प्रयोगशाळेत या संशोधनास उत्तेजन दिले. त्याच प्रयोगशाळेतील चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम या तरुण संशोधकांनी १९६६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या केसासारख्या तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल, असे त्यांनी त्यात दाखविले. आज खेडोपाडी जमिनीखालून ज्या काचतंतूंच्या वाहिन्या गेल्या आहेत, त्यांचा आरंभ तेथे झाला. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो दिवस पाहावयास रीव्हज हयात नव्हते.

तथापि मान त्यांना अगदीच मिळाला नाही असे नव्हे. १९६५ साली अमेरिकेच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना बॅलंटाइन पदक अर्पण केले. १९६९ साली त्यांना सी.बी.ई. हा सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश टपाल खात्याने पल्स कोड मॉड्युलेशनवर एक तिकीट काढले. कामाबाहेरचा बराच वेळ ते तरुण मुलांना उत्तेजन देण्यात आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांना पुन्हा आयुष्यात उभे करण्यात घालवीत. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आमच्या तापमापकाची कथा पुरी करतो. रीव्हज यांचा आराखडा वाचल्यावर आमच्या पट्टीवरील ॲटमेगा ३२८ या चिपमधील कन्व्हर्टर कसा चालतो, हे आम्ही पाहिले. तो एकेक ठोका मोजीत बसत नाही. आमच्याकडील अडत दुकानात तूर तोलताना तराजूत आधी मोठे वजन घालतात. जड झाले तर काढतात, हलके पडले तर ठेवून त्याहून लहान घालतात. हा कन्व्हर्टर तसेच करतो. ५१२, २५६, १२८ अशी निम्मी-निम्मी होत एकपर्यंत येणारी दहा वजने तो एकामागून एक घालून पाहतो आणि १,०२४ पायऱ्यांपैकी नेमकी पायरी गाठतो. त्यासाठी त्याच्या घड्याळाचे १३ ठोके लागतात. हे घड्याळ फार जलद चालले तर तोल बिघडतो. ५० हजार ते २ लाख ठोके या मर्यादेत ते ठेवावे लागते. पट्टीचे मूळ घड्याळ सेकंदास १ कोटी ६० लाख ठोके देते. त्यास १२८ ने भागले की १ लाख २५ हजार येतात. ही मांडणी आमच्या यंत्रात बरोबर होती. कोणत्या पायावरचा दाब मोजावयाचा, तेही बरोबर सांगितलेले होते.

चूक तराजूच्या दांडीत नव्हती, वजनांत होती. पूर्ण १,०२४ पायऱ्या म्हणजे किती व्होल्ट, हे ज्याच्यावरून ठरते त्यास संदर्भ-दाब म्हणतात. आम्ही तो नेहमीचा ५ व्होल्टचा ठेवला होता. म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची झाली. आमचा एल.एम. ३५ संवेदक दर अंशास केवळ १० मिलिव्होल्ट देतो. म्हणून एक पायरी अर्ध्या अंशाची पडली. त्या उड्यांचे कारण हे. त्यातही संगणकाच्या तारेतून येणारा तो दाब मल्टिमीटरने पाहिला तो ४.७ व्होल्टच भरला. ३० अंशांचे ३०० मिलिव्होल्ट ४.७ व्होल्टच्या मापात ६५ व्या पायरीवर येतात. आम्ही मात्र ५ व्होल्ट समजून हिशेब करीत होतो, तेव्हा उत्तर ३१.७ येई. आमची मापण्याची पट्टीच आखूड होती. बिदरच्या रानातील त्या लोखंड-पितळेच्या जोडपट्ट्यांची आठवण आम्हांस तेव्हा झाली.

मग आम्ही चिपच्या पोटातील १.१ व्होल्टचा संदर्भ-दाब निवडला. एल.एम. ३५ साठी ११० अंशांपर्यंत तो पुरतो. कलबुर्गीचा वैशाख कितीही तापला तरी चिंता नाही. एक पायरी आता सुमारे एक दशांश अंशाची झाली. हा १.१ व्होल्टही प्रत्येक चिपमध्ये थोडा कमीजास्त असतो. म्हणून तो मल्टिमीटरने मोजून हिशेबात खरा आकडा घातला. संदर्भ-दाब बदलल्यानंतरचे पहिले माप टाकून द्यावे लागते, तेही टाकले. प्रदर्शनाच्या सकाळी पारा आणि आमचे यंत्र यांचे एकमत झाले.

प्रदर्शनात त्या यंत्राशेजारी एका पुठ्ठ्यावर आम्ही ॲलेक रीव्हज यांचे नाव आणि जन्म-मृत्यूची साले लिहून ठेवली होती. हे गृहस्थ कोण, असे अनेक पालकांनी विचारले. त्यांना उत्तर देता देता दोन गोष्टी आमच्या मनात पक्क्या झाल्या. गोंगाटावर ओरडून मात करता येत नाही. आपला शब्द स्पष्ट करून पाठवावा लागतो. आणि दुसऱ्याला मापण्यापूर्वी आपल्या हातातील माप तपासावे लागते. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी ते यंत्र विज्ञानाच्या कपाटात ठेवले आहे, आणि त्याच्या संदर्भ-दाबाचा मोजलेला आकडा त्याच्या पाठीवर लिहिलेला आहे. त्यांनीही तो एकदा स्वतः मोजून पाहावा, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.